बेंजो, भुणभुण आणि दोन वेटोळी

मुदखेडहून आदिलाबादकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर भोकर हे नांदेड जिल्ह्यातले तालुक्याचे गाव लागते. माझे बालपण तिथे गेले. लग्नाची वरात असो, गणपतीचे विसर्जन असो की १४ एप्रिलची मिरवणूक, गल्लीच्या तोंडाशी बेंजो पार्टी आली की आधी ऐकू यायची ती धून नव्हे. आधी यायची 'हूंऽऽऽ' अशी एक जाड भुणभुण. मग वादकाचा हात तारांवर पडे, धून सुरू होई आणि भुणभुण तिच्याखाली दबून जाई. आम्हा पोरांना वाटे, ही भुणभुण म्हणजे बेंजोचा श्वासच.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीत गावी गेलो, तेव्हा आमच्या गल्लीतले बेंजोवादक मामा भेटायला आले. चहा झाल्यावर म्हणाले, "तुम्ही डॉक्टर झालात म्हणतात. मग ह्या भुणभुणीवर काही औषध हाय का?"

मी डॉक्टर आहे तो भौतिकशास्त्राचा, पण प्रश्नही भौतिकशास्त्राचाच होता. मामांची अडचण अशी: गुरुवारच्या भजनात बेंजो साफ, मोकळा वाजावा लागतो. मिरवणुकीत तोच बेंजो पोरांना 'फाडून' हवा असतो, म्हणजे इलेक्ट्रिक गिटारसारखा करकरीत, फाटका. साफ वाजवताना भुणभुण फारशी जाणवत नाही, पण आवाज फाडला की ती डोके उठवते. वाद्य एकच, त्यातला पिकअपही एकच. मग दोन्ही कामांना चालेल असा पिकअप कोणता घ्यावा?

मी फारसा विचार न करता उत्तर दिले आणि ते अर्धेच बरोबर निघाले. त्या अर्ध्या उत्तराची किंमत मामांनी मोजली. ते अर्धे का होते, हे कळायला पिकअपचा शंभर वर्षांचा इतिहास बघावा लागतो. आज तोच सांगतो.

नाव अमेरिकेचे, जन्म जपानचा

आपण ज्याला बेंजो म्हणतो त्याचा अमेरिकेतल्या बँजोशी नावापलीकडे फारसा संबंध नाही. तो बँजो कातडे ताणलेल्या डफासारखा असतो. आपला बेंजो ही एक लांबट लाकडी पेटी. तिच्यावर पोलादी तारा ताणलेल्या आणि मधे बटणांची रांग. एका हाताने बटणे दाबायची, दुसऱ्या हाताने तारा छेडायच्या. बटण दाबले की खालची पट्टी तारेला टेकते आणि तारेची कंप पावणारी लांबी बदलते. बाजूच्या काही तारा बटणांखाली येत नाहीत. त्या तंबोऱ्याप्रमाणे एकच सूर धरून ठेवतात.

या वाद्याचा पूर्वज जपानी आहे. १९१२ साली नागोया शहरात मोरिता गोरो यांनी टंकलेखन यंत्रासारखी बटणे लावून 'ताइशोगोतो' नावाचे वाद्य तयार केले. त्याच वर्षी जपानमध्ये ताइशो युग सुरू झाले होते, म्हणून हे नाव. पुढे हे वाद्य भारतात आले आणि 'बुलबुल तरंग' झाले. शिकायला सोपे आणि खिशाला परवडणारे म्हणून ते घरोघरी, भजनी मंडळांत आणि कव्वाली पार्ट्यांत शिरले. लोकांनी त्याला बेंजो हे नाव दिले. २०१६ साली दिग्दर्शक रवी जाधव यांनी 'बँजो' नावाचा हिंदी चित्रपट काढला. त्यातला वादक रंगवला लातूरच्या रितेश देशमुख यांनी, हे आपल्याकडच्या वाचकांना आठवत असेल.

बुलबुल तरंगाची पेटी लहान, त्यामुळे आवाजही लहान. बैठकीत तो पुरतो. पण ढोल-ताशाशेजारी रस्त्यावर उभे राहिल्यावर काय करायचे? मायक्रोफोन समोर धरला तर तो बेंजोबरोबर ताशाही ऐकतो, आणि आवाज वाढवला की कर्ण्यातून शिट्टी निघते. हवा हवी तर आहे, पण हवेतला गोंगाट नको. म्हणजे हवेला बगल देऊन थेट तारेचेच ऐकणारे काहीतरी हवे. नेमकी हीच अडचण १९३० च्या सुमारास अमेरिकेतल्या गिटारवादकांपुढे उभी होती.

तार हलते, वेटोळे ऐकते

लॉस एंजेलिसमध्ये जॉर्ज बोशाँ नावाचे एक वादक हवाईयन गिटार वाजवत. वाद्यवृंदात त्यांच्या गिटारचा आवाज बुडून जाई. उपाय शोधताना त्यांनी आधार घेतला तो मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली दाखवून दिलेल्या तत्त्वाचा. वेटोळ्यातून जाणाऱ्या चुंबकीय बलरेषांची संख्या बदलत राहिली, तर वेटोळ्यात विद्युतदाब निर्माण होतो. दहावीच्या पुस्तकात आपण हे विद्युत चुंबकीय प्रवर्तन म्हणून शिकवतो. तिथे चुंबक वेटोळ्यात आत-बाहेर करतात. बोशाँ यांनी चुंबक आणि वेटोळे दोन्ही स्थिर ठेवले आणि हलू दिली फक्त गिटारची पोलादी तार.

ते कसे? चुंबकाजवळ असल्याने तारेचा तेवढा भाग स्वतःच चुंबक बनतो. तार सेकंदाला ११० वेळा हलली की वेटोळ्यातल्या बलरेषाही सेकंदाला ११० वेळा कमीजास्त होतात. वेटोळ्याच्या टोकांशी ११० हर्ट्झचा विद्युतदाब मिळतो आणि अँप्लिफायर तो मोठा करतो. या साखळीत हवा कुठेच नाही. म्हणून पिकअपसमोर ओरडले तरी तो ढिम्म राहतो. तारा मात्र पोलादाच्या हव्यात. पितळेच्या तारेला असा पिकअप दाद देत नाही.

बोशाँ यांनी पहिले वेटोळे घरीच धुण्याच्या यंत्राची मोटार वापरून गुंडाळले, असे सांगतात. अॅडॉल्फ रिकनबॅकर यांच्या साथीने १९३१ साली त्यांनी जी गिटार घडवली, तिच्या आकारामुळे लोक तिला 'तवा' म्हणू लागले. पेटंट मिळायला १९३७ साल उजाडले. पुढे हाच विजेचा हवाईयन आवाज आपल्याकडेही आला. व्हॅन शिप्ले, हजारासिंग, सुनील गांगुली यांच्या गिटारवरच्या चित्रपटगीतांच्या तबकड्या निघाल्या आणि पोकळ पेटीशिवायही तार गाऊ शकते, हे आपल्या कानांना माहीत झाले.

एका वेटोळ्याचे गुण आणि खोड

कॅलिफोर्नियातले लिओ फेंडर हे रेडिओ दुरुस्त करणारे गृहस्थ. त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती, पण वाजवणाऱ्यांची तक्रार समजून घेता येत होती. १९५० च्या सुमारास त्यांनी भरीव लाकडी फळीची गिटार बाजारात आणली आणि १९५४ साली तीन पिकअपची 'स्ट्रॅटोकास्टर'. प्रत्येक पिकअपमध्ये एकच वेटोळे. तार माणसाच्या केसाइतकी बारीक, सुमारे ०.०६ मिलिमीटरची. वेढे आठ हजारांच्या आसपास. आवाज स्वच्छ, टोकदार, घंटेसारखा. मामा ज्याला 'साफ' म्हणतात तो हाच.

पण एका वेटोळ्याला एक खोड असते. ज्या बदलत्या बलरेषा त्याला भेटतील त्या सगळ्या ते ऐकते. भिंतीतल्या वायरी, ट्रान्सफॉर्मर, जनरेटर यांच्याभोवती बदलते चुंबकीय क्षेत्र असतेच. आपल्याकडे विजेची वारंवारता ५० हर्ट्झ. त्यामुळे ५० हर्ट्झ आणि तिच्या पटीतले १००, १५० हर्ट्झचे आवाज वेटोळ्यात शिरतात. वादक याला हमिंग म्हणतात. माझ्या लहानपणीची भुणभुण ती हीच. तिचा जन्म बेंजोत झालेला नव्हता, ती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर ठेवलेल्या जनरेटरची आणि दिव्यांच्या वायरींची होती.

दोन उणे मिळून एक अधिक

हमिंगवर उतारा शोधला तो गिब्सन कंपनीतले सेथ लव्हर यांनी. अँप्लिफायरमध्ये हमिंग मारण्यासाठी उलटसुलट वेटोळी वापरतात, हे त्यांना ठाऊक होते. तीच युक्ती पिकअपमध्ये का करू नये? १९५५ साली त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला. ते १९५९ साली मिळाले, पण तोपर्यंत, १९५७ पासूनच, कंपनीच्या गिटारवर हे पिकअप बसू लागले होते. साधारण त्याच काळात रे बट्स हे आणखी एक कारागीरही स्वतंत्रपणे अशाच रचनेपर्यंत पोहोचले होते. या पिकअपला 'हमबकर' म्हणतात, म्हणजे हमिंगला नकार देणारा.

ही युक्ती आठवीच्या बीजगणितात बसते. दोन वेटोळी शेजारी ठेवा. दुसऱ्याचे वेढे उलट्या दिशेने जोडा आणि त्याच्यापुढचा चुंबकाचा ध्रुवही उलटा ठेवा. पहिल्या वेटोळ्यात तारेचा संकेत 'त' आणि हमिंग 'ह' मिळते. दुसऱ्याचे काय? हमिंग बाहेरून येते, तिला आपल्या चुंबकाशी देणेघेणे नाही. तिला फक्त उलटे वेढे दिसतात, म्हणून ती '−ह' होते. तारेचा संकेत मात्र चुंबक आणि वेढे दोहोंवर अवलंबून असतो. चुंबक उलटा म्हणून एक उणे, वेढे उलटे म्हणून दुसरे उणे. दोन उणे मिळून अधिक, म्हणून संकेत 'त'च राहतो. आता बेरीज करा:

(त + ह) + (त − ह) = २त

हमिंग गेली आणि तारेचा आवाज दुप्पट झाला. इतका सुंदर हिशेब असल्यावर मी मामांना काय सांगितले असेल, ते तुमच्या लक्षात आले असेलच. "हमबकर घ्या."

बिघाडाचे सोने

आता फाटक्या आवाजाकडे वळू. तोही मुळात बिघाडच. अँप्लिफायरला झेपेल त्याहून मोठा संकेत दिला, की तो लाटेचे शेंडे कापून टाकतो. गोल डोंगराचे पठार होते. १९५८ साली लिंक रे या वादकाने कर्ण्याच्या कागदाला भोके पाडून मुद्दाम असा आवाज मिळवला. पुढे नॅशव्हिलच्या एका ध्वनिमुद्रणात यंत्राच्या एका भागात बिघाड झाला आणि वाद्याचा आवाज फाटला. ऐकणाऱ्यांना तो इतका आवडला, की तसा बिघाड हवा तेव्हा करून देणारी एक डबी १९६२ साली विक्रीला आली. १९६५ साली 'रोलिंग स्टोन्स'च्या एका गाण्यात ती वाजली आणि जगभर पोहोचली. मामांच्या पायाशी असते ती डबी याच वंशातली.

लाटेचे शेंडे कापले की नव्या वारंवारता जन्माला येतात. एकच सूर असेल तर त्याच्या तिप्पट, पाचपट असे उपस्वर. दोन सूर असतील तर त्यांच्या बेरजा आणि वजाबाक्याही. २०० आणि ३०० हर्ट्झचे सूर एकत्र फाडले, तर १०० आणि ५०० हर्ट्झही ऐकू येतात. हे सगळे एकमेकांत बसणारे आकडे आहेत, म्हणून षड्ज-पंचम फाडले तरी भरदार लागतात.

पण त्यात हमिंग मिसळली तर? २२० हर्ट्झच्या सुराबरोबर ५० हर्ट्झ असेल, तर १७० आणि २७० तयार होतात. हे आकडे त्या सुराच्या घरातले नाहीत. साफ आवाजात हमिंग सुराच्या शेजारी बसलेली असते. फाटक्या आवाजात ती सुरातच कालवली जाते.

दुसरा हिशेब याहून सोपा. समजा, तारेचा संकेत १०० आणि हमिंग १. साफ आवाजात दोन्ही सारखेच मोठे होतात आणि १०० ला १ हे प्रमाण टिकते. आता ५० पट वाढवा, पण अँप्लिफायरची कमाल मर्यादा ५०० धरा. तारेचे ५००० व्हायला हवे होते, ते ५०० वरच अडते. वादक थांबला, की उरलेली हमिंग मात्र सरळ ५० होते. प्रमाण उरले १० ला १. मामांच्या तक्रारीचे हे पुरते निदान आहे: आवाज फाडला की भुणभुण पुरती वाढते, तिला दाबून ठेवणारी धून मात्र मर्यादेवरच अडते.

माझी चूक

मामांनी माझ्या शब्दावर हैदराबादहून हमबकर मागवला. तारांची रांग गिटारपेक्षा दाट, म्हणून खिळ्यांऐवजी अखंड पोलादी पात असलेला. दोन वरातींची कमाई त्यात गेली. मिरवणुकीत तो उत्तम वाजला. पण गुरुवारी भजनात टाळकरी म्हणाले, "मामा, आज तुमचा बेंजो पांघरूण घेऊन बसलाय का?" मामांनी फोनवर मला हे हसत सांगितले. मला हसू आले नाही.

पांघरूण कुठून आले? त्याची कारणे दोन. पहिले असे, की वेटोळ्याला विजेचे एक जडत्व असते, म्हणजे स्वयंप्रवर्तन. ते हेन्रीत मोजतात. वेटोळे आणि त्याला जोडलेली केबल मिळून एका ठराविक वारंवारतेला सर्वांत जास्त दाद देतात आणि तिच्यावरचे उपस्वर झपाट्याने गळतात. केबलची धारिता ५०० पिकोफॅरड धरली, तर २.५ हेन्रीच्या एकेरी वेटोळ्यासाठी ही वारंवारता सुमारे ४५०० हर्ट्झ येते. ४.५ हेन्रीच्या हमबकरसाठी ती सुमारे ३३५० हर्ट्झवर उतरते. आवाजाचे तेज असते ते याच पट्ट्यात.

दुसरे कारण भूमितीचे. हमबकर तारेला दोन ठिकाणी ऐकतो. ज्या उपस्वराची अर्धी तरंगलांबी या दोन ठिकाणांमधल्या अंतराइतकी असेल, त्यासाठी तार एका ठिकाणी वर आणि दुसऱ्या ठिकाणी खाली असते. बेरीज शून्य. गिटारच्या ६४८ मिलिमीटर लांब तारेवर आणि १९ मिलिमीटर अंतरावर हे साधारण ३४ व्या उपस्वराला घडते. सर्वांत जाड, ८२ हर्ट्झच्या तारेसाठी तो सुमारे २८०० हर्ट्झ.

फाटक्या आवाजात हे नुकसान कळत नाही. उलट फायदाच होतो, कारण कापलेले शेंडे नवे तीक्ष्ण उपस्वर स्वतःच तयार करतात. आधीच तीक्ष्ण असलेला आवाज फाडला तर तो कानाला बोचतो. साफ आवाजात मात्र जे पिकअपने ऐकले नाही ते पुढे कोणी परत आणून देत नाही. म्हणूनच 'साफसाठी एक वेटोळे, फाटक्यासाठी दोन' अशी वाटणी वादकांत रूढ झाली.

एकसर की समांतर?

मग दोन्ही हवे असेल तर? एक जुना मार्ग असा, की स्विचने हमबकरचे एक वेटोळे बंद करायचे. तेज परत येते, पण भुणभुणही परत येते. दुसरा मार्ग आपल्या शाळेच्या पुस्तकातच आहे. हमबकरची दोन वेटोळी एकापुढे एक, म्हणजे एकसर जोडलेली असतात. तीच समांतर जोडली तर? दोन सारख्या रोधांचा एकसर जोडणीतला रोध समांतर जोडणीच्या चौपट असतो, हे विद्यार्थ्यांना पाठ असते. वेटोळ्यांच्या स्वयंप्रवर्तनालाही साधारण तोच नियम लागू पडतो. ४.५ हेन्रीचे १.१ हेन्री होतात. वारंवारता वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असल्याने ती दुप्पट होते: ३३५० ऐवजी सुमारे ६७०० हर्ट्झ. आणि +ह व −ह या जोडणीतही एकमेकांना मारतातच. जातो तो फक्त आवाजाचा निम्मा जोर, आणि भजनात तो लागतही नाही. दोन ठिकाणी ऐकण्याचे कारण तसेच राहते, पण पांघरुणाचा जाड थर निघून जातो.

पुढच्या खेपेला भोकरला गेलो तेव्हा पिकअप उघडून पाहिला. सुदैवाने त्यातून चार तारा बाहेर आल्या होत्या, त्यांपैकी दोन एकमेकींना जोडून चिकटपट्टी लावलेली. शेतातल्या पंपांच्या मोटारी भरणाऱ्या एका दुकानदाराने डाग दिले. सहा पायांचा एक लहानसा स्विच लागला. खर्च चहापाण्याइतका.

शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात जरूर करावा. फळीवर दोन खिळ्यांमध्ये पोलादी तार ताणा. लहान पट्टीचुंबकाभोवती बारीक इनॅमलच्या तारेचे हजारभर वेढे घ्या. जुन्या रेडिओच्या ट्रान्सफॉर्मरमधली तार चालते. टोके बॅटरीवर चालणाऱ्या लहान अँप्लिफायरला जोडा. आधी एका वेटोळ्याने भुणभुण ऐका, मग दुसरे जोडा. दुसरे वेटोळे सुलटे लावले तर भुणभुण दुप्पट होईल, उलटे लावले तर जवळजवळ नाहीशी होईल. अँप्लिफायर बॅटरीवरचाच घ्या, घरातल्या विजेवरचा नको.

स्विच बसवला त्या दिवशी मामांची दहावीतली नात शेजारी बसून सगळे पाहत होती. मी कागदावर दोन जोडण्या काढून दाखवल्या. ती म्हणाली, "हे तर आमच्या पुस्तकातलंच हाय. तिथं बल्ब असतात." मग तिनेच पेनाने स्विचच्या दोन बाजूंना दोन शब्द लिहिले. एकीकडे 'भजन', दुसरीकडे 'मिरवणूक'.